पीक्यूआरमध्ये प्रत्यक्ष घडलं तेच लिही

तू डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं ते सांगणारा लेखी कागद) लिहायला बसलास, छान. पण जुन्या जॉबची फाईल उघडून आकडे उचलू नकोस. आधी कच्ची डब्ल्यूपीएस कर, तीवर कूपन (चाचणीचा तुकडा) वेल्ड करून घे, टेस्ट पास झाल्या की मगच पक्की लिही.

कूपन चालू असताना तू तिथं उभा राहा. रूट पासला (जोडाच्या तळाचा पहिला थर) टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमट्यासारखा मीटर) केबलला लाव, अँपिअर वाच, लगेच पीक्यूआरमध्ये (कूपन करताना प्रत्यक्ष काय झालं याची नोंद) लिही. मशीनच्या डायलवर विसंबू नकोस. स्टॉपवॉच लावून प्रत्येक पासचा ट्रॅव्हल स्पीड (वेल्ड पुढे सरकण्याचा वेग) मोज. इम्पॅक्ट टेस्ट (धक्का सोसण्याची चाचणी) लागत असेल तर हीट इनपुटला (वेल्डमध्ये जाणारी उष्णता) मर्यादा येते आणि ती काढायला हे आकडे लागतात. एकदा माझ्या हाताखालच्या मुलानं कच्च्या डब्ल्यूपीएसमधली रेंजच पीक्यूआरमध्ये उतरवली. इन्स्पेक्टरनं फाईल परत केली, कूपन पुन्हा करावं लागलं. मला आजही वाईट वाटतं, कारण तपासायचं काम माझं होतं.

एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंग पात्रतेचा अमेरिकन कोड) प्रमाणे १२ मिमीच्या प्लेटचं कूपन साधारणपणे ५ ते २४ मिमी जाडी कव्हर करतं. त्यासाठी दोन टेन्साइल (ओढून तोडायच्या) आणि चार साइड बेंड (वाकवायच्या) टेस्ट पुरतात. बेंडवर कुठल्याही दिशेनं ३ मिमीपेक्षा मोठी उघडी भेग दिसली की नापास.

पी नंबर (मूळ धातूचा गट), एफ नंबर (इलेक्ट्रोडचा गट), प्रीहीट (वेल्डआधी धातू तापवणं) हे इसेन्शियल व्हेरिएबल आहेत, म्हणजे मर्यादेबाहेर बदलले की कूपन पुन्हा करावं लागतं. कोडमधली तुझ्या प्रोसेसची यादी ओळ न ओळ वाच. आणि ७०१८ (कमी हायड्रोजनचा) इलेक्ट्रोड ओव्हनमधून थेट क्विव्हरमध्येच (इलेक्ट्रोड गरम ठेवणारा हातातला डबा) जायला हवा, हे स्वतः बघ.