फुकटचा वकील मनापासून लढेल का?

प्रश्न : माझ्या विधवा थोरल्या बहिणीवर दिरांनी खानापूर कोर्टात वाटणीचा दावा लावलाय. समन्स आलं, सगळं कन्नडमध्ये. मोफत वकील मिळतो म्हणतात, पण तो नीट लढेल का? खर्चाला पैसे मागतात असंही ऐकलं.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी समन्स कोणत्या तारखेला हातात पडलं ते पाहा. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तिथून 30 दिवस असतात. सबळ कारणाने मुदत वाढते, पण साधारण 90 दिवसांच्या आतच. बरीच प्रकरणं इथेच बिघडतात.

मोफत वकील देणाऱ्या, कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत ताईंचा अर्ज द्या. सोबत समन्स, दाव्याची नक्कल, आधार आणि जमिनीचे उतारे जोडा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम 12 प्रमाणे बायकांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यासाठी तहसील कचेरीत चकरा मारू नका.

आता ‘मनापासून’चं. गरजूला फी न घेता मदत करणं ही वकिलाची फार मोठी जबाबदारी आहे, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच लिहिलं आहे. वकीलपत्र एकच, मग फी असो वा नसो, काम तेवढंच चोख हवं. वकील चांगला की नाही हे तो काय विचारतो यावरून कळतं. वंशावळ विचारली का? कोणता सर्व्हे नंबर दाव्यातून सुटलाय, नणंदांना पक्षकार केलंय का, हे पाहिलं का? वाटणीत सगळे हिस्सेदार आणि सगळी मिळकत यायला हवी. हे मुद्दे कैफियतीत घेतले नाहीत तर पुढे मांडणं अवघड जातं. न भेटता, न विचारता कैफियत तयार करणाऱ्याला आमच्या मते वकिली समजलेलीच नाही.

कन्नड कैफियत मराठीत वाक्यावाक्याने समजून घेतल्याशिवाय ताईंनी सही करू नये. उलटतपासणीत तीच वाक्यं त्यांच्यासमोर ठेवली जातात.

समितीच्या वकिलाचं मानधन, कोर्ट फी, समन्सचा खर्च सगळं सरकारी. त्याने पैसे मागितले तर देऊ नका. समितीच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार करा, ते न्यायाधीशच असतात. वकील बदलून मिळतो. समितीबाहेरचा वकील स्वखुशीने विनाफी उभा राहिला, तर झेरॉक्स आणि नकलांचा खर्च कोणाचा ते आधीच कागदावर घ्या. त्यालाही पुरेशा कारणाशिवाय, आगाऊ कळवल्याशिवाय मध्येच केस सोडता येत नाही.

तालुक्यात दाद लागली नाही तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा विधी सेवेच्या 15100 या मदत क्रमांकावर फोन करा.