हा टाकळाच आहे ना?

प्रश्न: नमस्कार, आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आता पुण्यात असतो. सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पाऊस पडला की टाकळा नुसता माजतो, सासूबाई म्हणतात भाजी करूया, पण मला सगळी रोपं सेम वाटत नाहीत, काहींची पानं टोकदार आहेत, काही लवदार. खायचा नेमका कुठला?

उत्तर: ताई, सासूबाईंना म्हणावं दोन मिनिटं थांबा, कारण तुमची शंका अगदी बरोबर आहे, अशा प्लॉटवर बहुतेक वेळा तीन भावंडं एकत्र उगवलेली असतात. टाकळ्याच्या, म्हणजे विदर्भातल्या तरोट्याच्या, एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या देठावर जोडीजोडीने लागलेल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद, गोलसर. आता पान उलगडून अगदी खालच्या जोडीच्या मधे बघा, तिथे बारीकशी नारिंगी गाठ उभी दिसेल, कधी तिच्या वरच्या जोडीच्या मधेही. शेंग लांब, बारीक, वाकलेली.

टोकदार पानांचा तो कासविंदा, काही जण त्याला रानटाकळाही म्हणतात. त्याच्या जोड्या चार-पाच किंवा जास्तच असतात आणि गाठ पर्णिकांच्या मधे नसून देठाच्या अगदी बुडाशी, जिथे पान खोडाला चिकटतं तिथे असते. शेंग चपटी. हा भाजीत येऊ देऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावलीत, लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर परिणाम होतो, आणि डॉक्टरांना आधी तो व्हायरल मेंदूज्वरच वाटायचा. म्हणून पावसाळ्यानंतर शेंगा सुकतात तेव्हा मुलांना तिथे खेळताना सांभाळा.

लवदार आहे तो मूळचा अमेरिकेतला, सेन्ना युनिफ्लोरा. गाजर गवत हटवायला याचं बी मुद्दाम पेरायचे, आता रस्त्याकडेला तोच तो दिसतो. याला प्रत्येक जोडीच्या मधे गाठ असते, शेंगा आखूड, सरळ. तोही भाजीत नको.

वासावर मात्र जाऊ नका, चुरगळलं की टाकळ्यालाही उग्र वास येतोच. अगदी लहान रोपाला जोड्या कमी असतात त्यामुळे नुसतं मोजून चालत नाही, गाठ बघायचीच, आणि खुडताना प्रत्येक रोपाची बघायची. फुलं यायच्या आधीची कोवळी पानंच घ्या. आणि हो, त्या प्लॉटवर तणनाशक मारतात का, सांडपाणी येतं का तेही विचारा, येत असेल तर सरळ मंडईतून जुडी आणा, पण ती सोडतानाही गाठ बघाच.