एमबीबीएसचे प्रेफरन्स भरताना बीजे मेडिकलला खाली ढकलू नकोस

अगं, काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली नीटचा रिझल्ट लागल्यापासून पोरगी धड जेवत नाहीये आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत मागच्या वर्षीचे कटऑफ बघत बसते. मी ड्युटीवर होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता सावकाश लिहितेय.

आधी कागदपत्रं, कारण मी तिथेच आपटले होते. डोमिसाईल काढायचं राहिलं होतं, वाटलं काय त्यात, दोन दिवसांत मिळेल, पण रिझल्टनंतर अख्ख्या पुण्याला एकदमच डोमिसाईल हवं असतं, मग मी आणि बाबा भर पावसात स्कूटरवर सेतूच्या चकरा मारतोय आणि फाईल माझ्या रेनकोटच्या आत. तू ओबीसीतून भरणार ना, मग नुसत्या जातीच्या दाखल्यावर भागत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, पण लागते, आणि नॉन क्रिमीलेअरची मुदत संपली नाहीये ना ते आजच बघ. नाव दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच सगळीकडे हवं. मेडिकल फिटनेस त्यांच्याच फॉरमॅटमध्ये घे, साध्या लेटरहेडवर नको. अप्पा बळवंत चौकात जाऊन झेरॉक्सचे तीन सेट मारून ठेव, कमी पडतातच.

फॉर्म एकच असतो असं तुझ्या आईला वाटतंय. तसं नाहीये. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के सीट राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे प्रवेश फेऱ्यांमधून जातात, त्यात आपलं बीजे आलं. मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कॉलेज पण कॅपमध्येच. बाकीचा १५ टक्के ऑल इंडिया कोटा एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे, आणि डीम्ड युनिव्हर्सिटीची कॉलेजं म्हणजे धनकवडीचं भारती, पिंपरीचं डी. वाय., हे पण एमसीसीकडेच. एएफएमसी, म्हणजे लष्कराचं मेडिकल कॉलेज, हवं असेल तर तेही एमसीसीच्या साईटवरच, फक्त त्यांची वेगळी परीक्षा आणि इंटरव्ह्यू असतो आणि नंतर सैन्यदलात नोकरी करावी लागते, ते घरात बोलून ठरव.

आता मेन गोष्ट. प्रेफरन्स लिस्ट, म्हणजे कॉलेजांची पसंतीच्या क्रमाने यादी. आई म्हणाली तू बीजे सातव्या नंबरला टाकणार आहेस, कारण "तिथे लागणार नाही, उगाच पहिला प्रेफरन्स वाया जाईल". अगं वाया काहीच जात नाही! सॉफ्टवेअर मेरिटच्या क्रमाने एकेकाला घेतं, तुझा नंबर आला की तुझी लिस्ट वरून खाली वाचत जातं आणि तुझ्या रँकला बसेल अशी पहिली सीट दिसली की ती तुला देऊन मोकळं. बीजे वर टाकलं आणि नाही लागलं तर ते खालच्यावर येतं, बस, त्यासाठी मार्क कापत नाही कोणी. पण वर एखादं "सेफ" कॉलेज टाकलंस आणि ते लागलं, तर खालच्या बीजेकडे ते बघणारच नाही, तुझ्या रँकला तिथे सीट असली तरी.

मला हे कसं माहीत? मी तेच केलं होतं. घाबरून एक लांबचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं आणि तेच लागलं. माझ्यापेक्षा मागची रँक असलेली माझी मैत्रीण मात्र मला मनापासून हवं होतं त्या कॉलेजात गेली. तिने फक्त लिस्ट सरळ भरली होती, आवडीच्या क्रमाने. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही, तिची काय चूक होती त्यात, पण तेव्हा कळत नव्हतं.

तेव्हा कटऑफ बघ, पण लिस्ट किती लांब ठेवायची एवढ्यापुरतंच. क्रम तुझ्या मनाचा. आणि जिथे तू जाणारच नाहीस ते कॉलेज लिस्टमध्ये टाकूच नकोस, कारण सीट लागल्यावर सोडली तर काय होतं ते राउंडप्रमाणे बदलतं. यावर्षीचं ब्रोशर स्वतः वाच, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे काका लोक सोड. स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे मिळालेली सीटच ठेवते असं कळवणारा फॉर्म, भरलास की पुढच्या राउंडचं विसरायचं, म्हणून तो घाईत भरू नकोस. "मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो" म्हणणाऱ्यांचे फोन यायला लागतील, कट कर, नीटशिवाय आणि काउन्सेलिंगशिवाय एमबीबीएसची सीट कुठेच मिळत नाही.

आणि एक कर. लिस्ट लॉक करायच्या आधी एखाद्या सकाळी ससूनला, म्हणजे बीजेच्याच हॉस्पिटलला, जा, केसपेपरच्या रांगेजवळ तासभर नुसती उभी राहा. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप अशाच गर्दीत जाणारेत. मला कोणी हे सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा वॉर्डात गेले तर वासानेच पळून जावंसं वाटलं होतं, आता त्याच वॉर्डबाहेर वडापाव खाते.

रविवारी माझा ऑफ आहे. फाईल घेऊन घरी ये, आईला पण आण, लिस्ट समोर बसून बघू. ओरिजिनल सोबत आण, झेरॉक्स बघून मी काही सांगणार नाही.

तुझी ताई