डॉक्टरवर ग्राहक आयोगात दावा करता येतो, मग तारीख चुकवणाऱ्या वकिलावर का नाही?

कारण सर्वोच्च न्यायालयानेच तसा फरक केला आहे. 1995 च्या निकालाने पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. 14 मे 2024 च्या निकालाने वकील मात्र बाहेर राहिले: वकील अशिलाच्या सूचनेने चालतो, म्हणून ते वैयक्तिक सेवेचं कंत्राट ठरतं, आणि असं कंत्राट ग्राहक कायद्यात येत नाही. मला हे पटत नाही. मुदत टळली की अशिलाचा हक्कच जातो.

तरी वाट बंद नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा करा, गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेकडे, करा.

दिवाणी दाव्याला कमी लेखू नका. 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या वाळूत पडून एका तरुणाची मांडी मोडली. पुण्यात डॉक्टरांनी भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर (वेदनाशामक औषधावर), जोर लावून पाय ओढला, मुलगा दगावला. वडील लढले. सर्वोच्च न्यायालयात 1968 ला निष्काळजीपणा कायम झाला. भरपाई होती 3,000 रुपये!

डॉक्टरविरुद्ध जायचं असेल तर आधी केसपेपर लेखी मागा, 72 तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षं.