गादीवाफ्यावरचे आच्छादन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लांजा तालुक्यात आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथे चिऱ्यांची कड लावून तीन उंच गादीवाफे केले आणि त्यांवर कमानी उभारून कायमचे हिरवे शेडनेट घातले. हिवाळ्यात माठ, पालक, मुळा उत्तम आला. पावसाळ्यात मात्र रोपे उंच आणि पिवळट होतात व जमिनीलगत कुजून आडवी पडतात. वर्षभर भाजी मिळावी यासाठी काय करावे? — एक वाचिका, जि. रत्नागिरी

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे पाहता दोष वाफ्यात नसून त्यावर बारा महिने एकच आच्छादन ठेवण्यात आहे. शेडनेट हे उन्हाची तीव्रता कमी करण्यासाठी असते. पाऊस त्यातून सरळ खाली उतरतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या काळात आभाळ सतत भरलेले असल्याने पिकाला उजेड मुळातच अपुरा मिळतो आणि त्यावर 50 टक्क्यांचे शेडनेट असेल, तर आहे त्यातलाही निम्मा अडतो. मग रोपे उजेडाच्या ओढीने उंच वाढतात, देठ लुळे पडतात आणि सततच्या ओलीत वाढणारी बुरशी अशा कोवळ्या देठांवर लगेच पडते. देठ जमिनीलगत पाणचट व काळपट होऊन रोप कोलमडणे ही रोपमरीचीच खूण आहे.

म्हणून कमानी तशाच ठेवाव्यात आणि त्यांवरचे आच्छादन हंगामाप्रमाणे बदलावे. जूनमधल्या पहिल्या काही सरी वाफ्यावर उघड्याच पडू द्याव्यात, कारण बराच काळ आच्छादनाखाली राहिलेल्या मातीत खतांमधले क्षार वर येऊन साचतात आणि ते धुऊन जाणे आवश्यक असते. त्यानंतर 200 मायक्रॉन जाडीचा, उन्हात टिकणारा (यूव्ही प्रक्रिया केलेला) पारदर्शक प्लॅस्टिक कागद कमानींवर घालावा. तो छपरासारखा फक्त वरच असावा. दोन्ही बाजूंनी वाफ्याच्या काठापासून निदान एक फूट जागा उघडी राहिली पाहिजे, नाही तर आत दमट हवा कोंडून पाने ओलीच राहतात आणि पाऊस अडवूनही रोग टळत नाही. पश्चिमेकडून झड येते, त्यामुळे त्या बाजूचा कागद थोडा खाली घेतला तर चालेल. वाऱ्याने कागद फाटतो तो बहुधा सैल बांधल्यामुळे, म्हणून प्रत्येक दोन कमानींच्या मध्ये वरून दोरी आवळावी.

छपरावरून ओघळणारे पाणी वाफ्याच्या कडेची माती उकरून नेते. त्यासाठी दोन वाफ्यांमध्ये वीतभर खोल चर काढून त्याला परसाबाहेर उतार द्यावा. बाहेर पाऊस कोसळत असतानाही आतल्या वाफ्याला पाणी घालावे लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि ऐन श्रावणात रोपे तहानेने माना टाकतात. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत आणि ओल लागली नाही तरच सकाळी झारीने पाणी द्यावे. कागदावर शेवाळ धरले की तो लगेच पुसावा, कारण त्या दिवसांत उजेडाचा प्रत्येक अंश मोलाचा असतो.

मात्र पावसाळ्यात सगळेच झाकण्याची गरज नाही, हे मी आग्रहाने सांगेन. पडवळ, दोडका, कारली, काकडी ही कोकणातली पावसाळी मांडवाची पिके आहेत आणि त्यांना छप्पर नको, उंचवट्यावरची निचऱ्याची जागा आणि भक्कम मांडव हवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पडवळाची ‘कोकण श्वेता’, कारल्याची ‘कोकण तारा’ आणि दोडक्याची ‘कोकण हरिता’ हे वाण याच भागासाठी दिलेले आहेत. त्यांचे बी मिळवावे. छपराखालची जागा कोथिंबीर, पालक, मेथी यांसाठी आणि गणपतीनंतर लावायच्या मिरची-वांग्याच्या रोपांसाठी राखून ठेवावी.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पालेभाज्यांना आच्छादन बहुधा लागतच नाही. मार्चपासून आपले हिरवे शेडनेट पुन्हा चढवावे. तीन वाफ्यांपैकी एक वाफा मात्र दर उन्हाळ्यात आळीपाळीने रिकामा ठेवावा, तो चांगला भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटून अंथरावे आणि कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे तसाच तापू द्यावा. या उष्णतेने वरच्या थरातली रोपमरीची बुरशी, सूत्रकृमी (मुळांना उपद्रव देणारे सूक्ष्म कृमी) आणि तणाचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. ज्या वाफ्यात यंदा रोपे कुजली, त्याच वाफ्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : नागपूरला शेडनेटखाली टोमॅटो लावले आहेत. झाडे हिरवीगार आहेत, फुलेही भरपूर येतात, पण एप्रिल-मेमध्ये सगळी गळून जातात. खत कमी पडते का? — एक वाचक

उत्तर : खत वाढवू नये, विशेषतः नत्र तर मुळीच नको. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर राहिले आणि रात्रही उकाड्याची असली, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात व फूल फळ न धरताच गळते. शेडनेट पानांवरचे ऊन अडवते. भोवतालची हवा ते थंड करू शकत नाही. मेमध्ये पारा 43 अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या गावात टोमॅटोची लागवड अशी करावी, की मार्चअखेरपर्यंत तोडणी आटोपेल. त्यापुढे वाफ्यात गवार, चवळी, भेंडी घ्यावी. आणखी एक सूचना : उंच वाफा पावसाळ्यात जितका उपकारक, तितकाच विदर्भाच्या उन्हाळ्यात लवकर सुकणारा असतो. वीतभर उंची पुरे आहे, आणि मातीवर गव्हाच्या भुशाचा किंवा पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर कायम असावा.

प्रश्न : पुण्यात गच्चीवरच्या वाफ्यांत दुधी आणि दोडका लावून किडींसाठी बारीक पांढरी जाळी चोहोबाजूंनी लावली. वेल जोमदार आहेत, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळतात. — एक वाचिका

उत्तर : जाळीने किडींबरोबर परागीभवन करणारे कीटकही बाहेर राहिले. 40 ते 50 मेशची (एका इंचात तितकी छिद्रे असलेली) जाळी पांढऱ्या माशीला चांगली अडवते, आणि तिच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंपासून कोवळ्या रोपांना वाचवण्यासाठी ती लावणे योग्यच आहे. मिरची, वांगे, टोमॅटो यांची फुले स्वतःच्याच परागांवर फळ धरतात, तिथे फांदी हलकेच हलवली तरी काम भागते. वेलभाज्यांत नर व मादी फुले वेगळी असतात, त्यामुळे जाळी उघडायची नसेल, तर परागीभवन हाताने करावे लागेल. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते; नर फुलाचा देठ नुसताच बारीक असतो. दुधी आणि दोडक्याची फुले सायंकाळच्या सुमारास उमलतात, काकडी व कारल्याची सकाळी, म्हणून वेळ पिकाप्रमाणे साधावी. ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवावेत. फळ धरले असेल तर दोन-तीन दिवसांत ते हिरवे राहून वाढू लागलेले दिसते. हे रोज जमणार नसेल, तर वेलाला फुले येऊ लागताच जाळी काढून टाकावी, आणि फळमाशीचा त्रास होऊ नये म्हणून धरलेल्या प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधावी.