मार्टचं की नावाचं?

प्रश्न : काकी, आमच्याकडे आता मोठं मार्ट झालंय. तिथे त्यांच्याच छापाची डाळ, रवा, तेल, मसाले नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा स्वस्त मिळतात. सासूबाई म्हणतात, "सवंग घेतल्यार दोनदा घेवचा लागता." मिस्टर म्हणतात, सगळं तिथलंच आण. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : कोणाचंच नको गो बाय. कुडाळच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं, पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसले मी. गोणीतली डाळ किलोकिलोच्या पिशव्यांत भरायची आणि वर दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावायची. मार्टवाले तेच करतात, पिशवी तेवढी चकचकीत.

साखर, पोहे, रवा, अख्खी कडधान्यं डोळ्यांना दिसतात. त्यांत नावाला जादा पैसे मी मोजत नाही. मीठही कुठलंही घे, आयोडीनयुक्त लिहिलेलं असलं म्हणजे झालं. गेल्या मे महिन्यात दोन तूरडाळी मी एकाच कुकरात, दोन डब्यांत लावल्या. मार्टची रवीखाली लोण्यासारखी घोटली, नावाची दाताखाली कचकचली. पाकीट उलटून बघितलं तर भरल्याची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची! जुनी डाळ शिजायला रडतेच. तेव्हापासून आधी तारीख, मग नाव.

तेलाच्या पिशवीवर लिटरबरोबर ग्रॅमही वाच. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. "स्वस्त" पिशवीवर 750 ग्रॅम असतील तर ती स्वस्त नाही, लहान आहे. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारी किंमत छापलेली असते, ती ताडून बघ. पण ती एमआरपीवरून काढलेली असते. मार्टने सूट दिली की हिशोब आपला आपण करायचा.

काजूला तर आपण कोकणातल्यांनी फसूच नये. 240, 320 हे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये साधारण किती गर बसतात ते. आकडा लहान तेवढा काजू मोठा. पाकिटावर नुसतं "प्रीमियम" असेल तर आपल्या ओळखीच्या कारखान्यात जा. शिऱ्याला तुकडा पुरे.

मसाल्यात मात्र मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची. दळलेल्या पुडीत काय गेलंय ते दिसत नाही. एकदा घरचा मसाला संपला म्हणून एका दुकानाच्या छापाचा "मालवणी मसाला" आणला. वजनाने जास्त ते घटक आधी लिहायचे असा नियम आहे. त्यात मिरची, धणे आणि तिसऱ्या नंबरला मीठ! दगडफूल नावालाही नाही. म्हणजे मीठ मी मसाल्याच्या भावाने घेतलं होतं. बांगड्याच्या कढीचा पहिला घास घेऊन आमच्या ह्यांनी विचारलं, "ह्यां काय केलंस?" आता मे महिन्यात दोन किलो जास्तच कुटून ठेवते.

आणि मृगानंतर स्वस्त म्हणून पाच किलो रवा भरू नकोस. आपल्या दमट हवेत जाळी धरायला नाव आडवं येत नाही. अर्ध्या किलोची पाकिटं आण, फोडलीस की बरणीत ओत.

चहाचं तेवढं मला विचारू नकोस. पंचवीस वर्षं जो विकला तोच अजून पिते, आणि तो महाग आहे.