मुदतवाढ मिळाली होती, पण तिचा कागद कुठे आहे?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोना महामारीमुळे विमाने थांबली, वकिलातींची दारे बंद राहिली आणि अनेक देशांनी परदेशी नागरिकांच्या व्हिसांना व निवास परवान्यांना आपणहून मुदतवाढ दिली. त्या काळाविषयीचे प्रश्न आमच्याकडे अजूनही येतात, कारण तेव्हा अडकलेली माणसे आता नव्या व्हिसासाठी, कायमच्या निवासासाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करू लागली आहेत आणि समोरचा अधिकारी त्या महिन्यांचा हिशेब मागतो आहे. बहुतेक पत्रांत एकच गैरसमज दिसतो. एका खात्याने दंड माफ केला म्हणजे दुसऱ्या खात्यानेही ते दिवस सोडून दिले, असे पत्रलेखक धरून चालतात. खालील उत्तरे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

प्रश्न : माझ्या सासूबाई अमेरिकी नागरिक आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या ई-टुरिस्ट व्हिसावर भारतात आमच्याकडे आल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये परत गेल्या. त्यांच्या पासपोर्टवर मुदतवाढीचा एकही शिक्का नाही. आता त्यांना पुन्हा यायचे आहे. अडचण येईल का, आणि विचारणा झाल्यास काय सांगावे?

उत्तर : शिक्का नसणे ही स्वतःहून अडचण नाही, कारण त्या काळातील मुदतवाढ शिक्क्याने दिली जात नव्हती. आपल्या सासूबाईंच्या मुक्कामाचे दोन टप्पे करून पाहावेत. पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०२० च्या टाळेबंदीपासून पुढे, गृह मंत्रालयाने मुदतवाढ विनाशुल्क ठेवली होती, मात्र त्यासाठी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर अर्ज करणे अपेक्षित होते. ४ जून २०२१ रोजी मंत्रालयाने ही पद्धत बदलली. मार्च २०२० पूर्वी भारतात आलेल्या आणि अडकून पडलेल्या परदेशी नागरिकांचा व्हिसा किंवा मुक्कामाची मर्यादा ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत वैध मानली जाईल, त्यासाठी वेगळा अर्ज लागणार नाही आणि जास्त राहिल्याचा दंडही आकारला जाणार नाही, असे जाहीर झाले. पुढे ही तारीख ३० सप्टेंबर २०२१ करण्यात आली. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला कागद आपल्याकडे नसणे स्वाभाविकच आहे. पहिल्या टप्प्यातला मात्र शोधायला हवा.

पत्रात आपण व्हिसा वर्षभराचा होता असे कंसात लिहिले आहे आणि तेवढ्यावरून निश्चिंत झाला आहात. व्हिसाची मुदत आणि एका मुक्कामाची कमाल मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्हिसा चालू असतानाही मुक्कामाची मर्यादा संपू शकते आणि सासूबाईंच्या बाबतीत ती २०२० मध्येच संपलेली असणार. म्हणून त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये ई-एफआरआरओकडून आलेली उत्तरे पाहावीत. देश सोडताना घेतलेली निर्गमन परवानगी असल्यास ती सर्वांत मोलाची, कारण अधिकाऱ्याने त्या मुक्कामाची दखल घेऊन त्यांना जाऊ दिले, हे तिच्यावरून दिसते. त्याबरोबर रद्द झालेल्या परतीच्या तिकिटाची प्रत आणि ४ जूनच्या निवेदनाची छापील प्रत जोडून ठेवावी. अर्ज खरोखरच केला नसेल, तर ते लपवू नये. विचारणा झाल्यास एका पानाचा तारीखवार खुलासा द्यावा. त्यात भावनेला जागा देण्याचे कारण नाही. कोणत्या तारखेचे विमान रद्द झाले आणि कोणत्या तारखेला पहिले मिळाले, एवढेच सांगावे.

प्रश्न : माझे आईवडील ग्रीन कार्डधारक आहेत. मार्च २०२० मध्ये ते भारतात आले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेला परतले. विमानतळावर प्रश्न विचारून त्यांना आत सोडले. आता ते नागरिकत्वाचा अर्ज करू इच्छितात. अमेरिकेनेच भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली होती, तेव्हा हा काळ वगळला जाईल ना?

उत्तर : नाही, शिवाय बंदीचा हा मुद्दा अर्जात लिहूच नये, असे आम्ही सुचवू. भारतात मागील १४ दिवस राहिलेल्यांच्या प्रवेशावर अमेरिकेने ४ मे २०२१ पासून निर्बंध घातले, हे खरे. परंतु त्या घोषणेतून अमेरिकी नागरिकांप्रमाणेच कायम निवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारकही वगळलेले होते. आपल्या आईवडिलांना ती बंदी लागूच नव्हती. जी अडचण नव्हती तिचे कारण पुढे केले, तर ज्या खऱ्या अडचणी होत्या, म्हणजे नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद असणे, वय, आजारपण, डॉक्टरांचा सल्ला, त्यांवरचा विश्वासही उणावतो.

आता मूळ मुद्दा. ग्रीन कार्ड टिकणे आणि नागरिकत्वासाठी वास्तव्य अखंड धरले जाणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. पहिल्या कसोटीत हेतू पाहिला जातो : घर, बँक खाते, करविवरण आणि कुटुंब अमेरिकेत होते का, परतण्याचा प्रयत्न चालू होता का. वर्षापेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसते कार्ड प्रवेशासाठी पुरेसे ठरत नाही. अगोदर घेतलेला पुनर्प्रवेश परवाना लागतो, आणि तो अमेरिकेत असतानाच मागावा लागतो. तो नसल्यास वकिलातीकडून परतणाऱ्या निवाशाचा एसबी-१ व्हिसा घेण्याचा मार्ग असतो, ज्यात मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला हे पटवून द्यावे लागते. आपल्या आईवडिलांना विमानतळावरील अधिकाऱ्याने कायम निवासी म्हणून आत घेतले, तेव्हा ही कसोटी त्यांनी व्यवहारात ओलांडली. ज्यांच्यावर अशी वेळ पुढे येईल त्यांनी एक लक्षात ठेवावे. ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडून देत असल्याचा आय-४०७ हा अर्ज समोर ठेवला गेला, तर सही करण्याची सक्ती नसते. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडण्याचा हक्क असतो. दीर्घ प्रवासाने थकलेली वडीलधारी माणसे कागद पुढे आला की सही करतात, म्हणून हे प्रवासाआधीच त्यांना समजावून सांगावे.

दुसरी कसोटी आकड्यांची आहे आणि तिच्यात दयामाया कमी. नागरिकत्वाच्या सर्वसाधारण पाच वर्षांच्या नियमात सलग सहा महिन्यांहून अधिक अनुपस्थिती असल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते, ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक अनुपस्थिती असल्यास वास्तव्य खंडितच होते. महामारीसाठी या वर्षभराच्या नियमाला अपवाद केलेला नाही. मात्र पाच वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागत नाहीत. परतल्यापासून चार वर्षे आणि एक दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. तरीही त्या दिवशी मागे पाहिले, तर पाच वर्षांच्या खिडकीत जुन्या अनुपस्थितीचे जवळजवळ शेवटचे वर्ष दिसते आणि सहा महिन्यांवरचे ते गृहीतक पुन्हा उभे राहते. म्हणून परतल्यापासून साडेचार वर्षे पूर्ण होऊ देणे अधिक निर्धोक. आपल्या आईवडिलांच्या बाबतीत तो दिवस मार्च २०२६ मध्ये येतो. त्याखेरीज पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते, हेही पासपोर्ट समोर घेऊन मोजावे.

प्रश्न : मी शारजात नोकरी करत होतो. २०२० मध्ये रजेवर भारतात आलो आणि आठ महिने परतू शकलो नाही. माझा निवास परवाना २०२१ पर्यंतचा होता, तरी तो आपोआप रद्द झाल्याचे कंपनीने कळवले. सरकारने सर्व परवाने डिसेंबर २०२० पर्यंत वैध धरले होते ना? आता तेथेच नवी नोकरी मिळते आहे. जुनी नोंद आड येईल का?

उत्तर : संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केलेली ती सवलत १ मार्च २०२० पासून ज्यांची मुदत संपत होती अशा परवान्यांसाठी होती, आणि जुलै २०२० मध्ये मंत्रिमंडळाने तीही मागे घेतली. आपल्या परवान्याची मुदत संपलेलीच नव्हती. आपल्याला आड आला तो दुसरा नियम : सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यास सर्वसाधारण निवास परवाना निकामी होतो. त्या वर्षी अनेकांना सहा महिने उलटूनही परत येऊ दिले गेले, परंतु त्यासाठी दुबईच्या परवानाधारकांना तेथील निवास खात्याची आणि इतर अमिरातींच्या परवानाधारकांना संघीय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी घ्यावी लागे.

अनुपस्थितीमुळे परवाना रद्द होणे हा गुन्हा नाही आणि जास्त राहिल्याचा ठपकाही नाही, त्यामुळे नवा परवाना नव्या अर्जाने मिळू शकतो. मात्र जुन्या कंपनीने आपला परवाना साधेपणाने रद्द केला की आपण काम सोडून फरार झाल्याची तक्रार नोंदवली, हे नव्या मालकाने कागदपत्रे भरण्यापूर्वी तपासून घ्यावे. गोंधळाच्या दिवसांत दोन्ही प्रकार घडले, आणि दुसरा प्रकार घडला असेल तर तो आधी निस्तरावा लागतो. २०२३ पासून तेथे १८० दिवसांहून अधिक बाहेर राहिलेल्यांना कारण देऊन व ठरलेले शुल्क भरून पुनर्प्रवेशाचा अर्ज करण्याची सोय झाली आहे. आपल्या जुन्या परवान्याला तिचा उपयोग नाही, पण पुढे होईल.

प्रश्न : माझ्या सौदी इकाम्याची (निवास परवान्याची) आणि परतीच्या व्हिसाची मुदत २०२१ मध्ये कित्येकदा आपोआप वाढली. पैसे भरले नाहीत, कागदही मिळाला नाही. तो कुठून मिळवावा?

उत्तर : ही वाढ शाही आदेशाने, विनाशुल्क आणि थेट संगणकीय नोंदीत होत असे, त्यामुळे वेगळा कागद निघतच नव्हता. अबशर या सौदी सरकारच्या सेवेतील आपल्या खात्यात किंवा त्या वेळच्या मालकाच्या नोंदीत तारखा दिसत असल्यास त्यांची प्रत घ्यावी. नोकरी बदलली असेल तर हे काम लांबणीवर टाकू नये, कारण जुना मालक दरवर्षी थोडा अधिक विसराळू होतो.

प्रश्न : ब्रिटनमध्ये माझा व्हिसा मे २०२० मध्ये संपला आणि नवा अर्ज मी ऑगस्ट २०२० मध्ये केला. मधले महिने बेकायदा ठरतात का?

उत्तर : नाही. २४ जानेवारी ते ३१ जुलै २०२० दरम्यान संपणाऱ्या आणि महामारीमुळे देश सोडता न आलेल्या लोकांच्या व्हिसांना ३१ जुलैपर्यंत मुदतवाढ होती, आणि त्यानंतर ३१ ऑगस्टपर्यंत आवराआवरीची सवड होती. त्यापुढच्या काळासाठी काहींना गृह खात्याकडून विशेष हमीचे पत्र मिळत असे. ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. प्रतिकूल कारवाईपासून अल्पकाळचे संरक्षण एवढाच त्याचा अर्थ, तरी ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी जपून ठेवावे.

प्रश्न : ओसीआय कार्ड, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारताकडून मिळणारे कार्ड, आजन्म असते असे सांगितले जाते. मग मार्च २०२० मध्ये आम्हाला भारतात येण्यापासून कसे रोखले? पुन्हा तसे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते. ओसीआय ही नागरिकत्व कायदा, १९५५ खालील नोंदणी आहे, ते नागरिकत्व नव्हे. नोंदणी आजन्म असली तरी तिच्यामुळे मिळणाऱ्या सवलती केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरतात. मार्च २०२० मध्ये कार्डे रद्द झाली नव्हती, व्हिसाविना प्रवेशाची सवलत तात्पुरती थांबवली होती. मे २०२० मध्ये काही गटांना सूट मिळाली, ज्यांत भारतीय पालकांची परदेशात जन्मलेली अल्पवयीन मुले आणि घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेले लोक होते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्व ओसीआय कार्डधारकांना मुभा मिळाली. ज्यांना त्या सात महिन्यांत आईवडिलांच्या अंत्यविधीलाही पोहोचता आले नाही, त्यांचा राग आम्ही समजू शकतो. परंतु कायद्याची चौकट आजही तीच आहे.

आपल्या पत्रातील दुसरा प्रश्न जुना पासपोर्ट बदलल्यावर कार्डही बदलावे लागते का, असा आहे. २०२१ मध्ये हा नियम सोपा झाला. वयाची २० वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ओसीआय घेतलेल्यांना विशीनंतरचा पहिला पासपोर्ट मिळाल्यावर एकदाच नवे कार्ड घ्यावे लागते. त्याखेरीज वयाच्या २० वर्षांपर्यंत प्रत्येक वेळी आणि ५० वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा, नवा पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याची प्रत आणि छायाचित्र संकेतस्थळावर चढवणे पुरेसे आहे.

प्रश्न : मी अनिवासी भारतीय. २०२०-२१ या आर्थिक वर्षात सक्तीने भारतात अडकलो. ते दिवस आयकरासाठी वगळले जातात ना?

उत्तर : सरसकट नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२० मध्ये दिलेली सूट २०१९-२० या वर्षापुरती होती. २२ मार्चपूर्वी आलेल्या आणि परत जाऊ न शकलेल्यांचे २२ ते ३१ मार्च २०२० हे दिवस त्यात वगळले गेले. पुढील वर्षासाठी अशी सूट देण्यास मंडळाने ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकाद्वारे नकार दिला आणि ज्यांच्यावर दोन्ही देशांत कर बसतो त्यांच्याकडून ३१ मार्च २०२१ पर्यंत माहिती मागवली. त्यातच २०२०-२१ पासून, ज्या भारतीय नागरिकांचे परदेशी उत्पन्न सोडून इतर उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्यांच्या भारतभेटीसाठी १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा काही अटींसह लागू झाली. आपल्याला नोटीस आली असल्यास विमान नव्हते या कारणावर उत्तर बेतू नये. त्या देशाचे करनिवासी प्रमाणपत्र मिळवावे आणि दुहेरी कर टाळण्याच्या करारात दोन्ही देश निवासी मानत असतील तेव्हा निकाल कसा लावतात ते कलम सनदी लेखापालाकडून आपल्या तारखांना लावून घ्यावे. आपल्या पत्रात येण्याजाण्याच्या तारखा नाहीत. पासपोर्टच्या शिक्क्यांवरून त्या आधी काढून घ्याव्यात, कारण एवढ्या वर्षांनंतर सांगितलेल्या तारखा आणि शिक्क्यांवरच्या तारखा क्वचितच जुळतात.